खेळाडू बोलला, बायका कुठे आहेत?

'स्थलांतर आणि स्त्रिया' हा या अंकाचा विषय ठरला आणि तयारीच्या बैठकीत आमची एक तरुण कार्यकर्ती २०२३ सालच्या कात्रणांची फाईल घेऊन आली. सगळी कात्रणं इंग्लंडच्या गॅरी लिनेकर या माजी फुटबॉलपटूबद्दलची. आम्ही सगळ्या हसलो. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "अगं, फुटबॉलवाल्याशी आपला काय संबंध? ऊसतोडणीच्या बायांवर लिहू, घरकामगारणींवर लिहू." त्यावर ती म्हणाली, "ताई, एकदा वाचून तर बघा. एवढी कात्रणं आहेत. यात एका तरी निर्वासित बाईचं म्हणणं सापडतं का, ते मला सांगा." आम्ही वाचली. सापडलं नाही. मग त्या दुपारी दोन तास चर्चा झाली. हे संपादकीय त्या चर्चेतूनच आलं आहे.

आधी घडलं काय, ते थोडक्यात सांगायला हवं. ७ मार्च २०२३ रोजी ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी संसदेत 'बेकायदा स्थलांतर विधेयक' मांडलं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रबरी बोटींत बसून, खाडी ओलांडून इंग्लंडला येणाऱ्यांना रोखण्यासाठी ते होतं. २०२२ या एका वर्षात अशा बोटींतून सुमारे ४५ हजार माणसं आली होती. विधेयकाचा गाभा असा : जो अशा मार्गाने येईल त्याच्या आश्रयाच्या अर्जाचा विचारच करायचा नाही, त्याला डांबून ठेवायचं आणि त्याच्या देशात, नाहीतर रवांडासारख्या तिसऱ्याच देशात पाठवून द्यायचं.

लिनेकर म्हणजे १९८६च्या विश्वचषकात सर्वांत जास्त, सहा गोल करणारा खेळाडू. १९९९ पासून तो बीबीसीच्या 'मॅच ऑफ द डे' या लोकप्रिय कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करत होता. त्याने ट्विटरवर लिहिलं की निर्वासितांचा असा काही प्रचंड ओघ आलेलाच नाही, युरोपातले इतर मोठे देश आपल्यापेक्षा कितीतरी जास्त निर्वासित घेतात. हे धोरण अत्यंत दुबळ्या माणसांवर रोखलेलं, अतिशय क्रूर धोरण आहे, आणि त्यासाठी वापरलेली भाषा १९३०च्या दशकातल्या जर्मनीतल्या भाषेपेक्षा फारशी वेगळी नाही.

एवढ्यावर देश पेटला. मंत्री संतापले. बीबीसीच्या निःपक्षपातीपणाचं काय, असा प्रश्न आला. १० मार्चला बीबीसीने त्याला कार्यक्रमातून बाजूला केलं. लगेच इयन राइट आणि अॅलन शिअरर या त्याच्या सहकाऱ्यांनी 'आम्हीही येणार नाही' म्हणून सांगितलं. इंग्लंडच्या महिला संघाची माजी खेळाडू अॅलेक्स स्कॉट हिनेही त्या शनिवारी आपला कार्यक्रम करायला नकार दिला. शनिवारी रात्री 'मॅच ऑफ द डे' फक्त २० मिनिटांचा झाला. सूत्रसंचालक नाही, समालोचन नाही. सोमवारी बीबीसीच्या महासंचालकांनी झाल्या गोंधळाबद्दल माफी मागितली आणि पुढच्या आठवड्यात लिनेकर परत आला.

त्या आठवड्यात लोकांचे सरळ दोन तट पडले होते. एक तट म्हणत होता, 'जनतेच्या पैशावर पगार घेतोस, तर फुटबॉलपुरतं बोल.' दुसरा म्हणत होता, 'नोकरी केली म्हणजे तोंडाला कुलूप लावलं का?' काहींना नाझी राजवटीशी केलेली तुलना मान्य नव्हती. त्याने ज्यूंच्या संहाराचं गांभीर्य कमी होतं, असं त्यांचं म्हणणं. हे प्रश्न खोटे नाहीत. तुलनेबद्दल तर आपणही स्वतःला विचारायला हवं. आपल्या मोर्च्यांत आपण 'फॅसिस्ट' हा शब्द किती सहज वापरतो! पण लिनेकर संहाराबद्दल बोलत नव्हता, भाषेबद्दल बोलत होता, हे टीकाकारांनी सोयीने सोडून दिलं.

आमची भूमिका स्पष्ट आहे. नावाजलेला माणूस आपलं स्थान पणाला लावून दुबळ्यांच्या बाजूने बोलतो, तेव्हा त्याचं स्वागतच करायला हवं. त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर आपल्या कुस्तीगीर मुली लैंगिक छळाविरुद्ध धरणं धरून बसल्या होत्या. आजचे मोठे क्रिकेटपटू गप्प का, असं विनेश फोगाटने जाहीरपणे विचारलं होतं. मैदानात खेळत असलेल्या बड्या नावांपैकी बहुतेकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हा गप्प बसण्याची किंमत काय असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण स्वागत केलं की आपलं काम संपत नाही. पुढचा प्रश्न आमच्या त्या तरुण मैत्रिणीने विचारला तोच आहे. या सगळ्या गदारोळात बायका कुठे होत्या?

एक बाई होती, आणि ती लिनेकरच्या आधी बोलली होती. १३ जानेवारी २०२३ रोजी ब्रेव्हरमन यांच्याच मतदारसंघातल्या एका सभेत जोन सॉल्टर नावाची ८३ वर्षांची बाई उभी राहिली. नाझींच्या संहारातून लहानपणी वाचलेली. आदल्या ऑक्टोबरमध्ये ब्रेव्हरमन संसदेत निर्वासितांच्या येण्याला 'आक्रमण' म्हणाल्या होत्या. जोनबाईंनी तोंडावर सांगितलं की असे शब्द ऐकले की माझ्या घरच्यांना आणि लाखो लोकांना मारण्यासाठी जी भाषा वापरली गेली तिची मला आठवण होते. अशी भाषा वापरायची गरज काय, असं त्यांनी विचारलं. ब्रेव्हरमन यांनी शब्दांबद्दल माफी मागायला नकार दिला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, चित्रफीत फिरली आणि विषय मागे पडला. कुठला कार्यक्रम बंद पडला नाही, कुणी काम थांबवलं नाही.

दोन महिन्यांनी तेच म्हणणं एका प्रसिद्ध पुरुषाने मांडलं आणि सारा देश ढवळून निघाला. जे तिच्या अंगावरून गेलं होतं, त्याबद्दल तिचं बोलणं म्हणजे एका म्हातारीची आठवण. त्याचं बोलणं म्हणजे राष्ट्रीय प्रश्न. मैत्रिणींनो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. वस्तीतल्या बायका दारूच्या गुत्त्याविरुद्ध दहा वर्षं अर्ज देतात, आणि एक दिवस एखादा नेता तिथे येऊन तेच बोलतो, तेव्हा 'प्रश्नाला वाचा फुटली' असं छापून येतं.

आता त्या विधेयकात बायकांसाठी काय वाढून ठेवलं होतं ते पाहू. वादाच्या धुरळ्यात ते फार थोड्यांनी पाहिलं.

पहिली गोष्ट गरोदर बायकांची. स्थलांतराच्या कारणाने गरोदर बाईला ७२ तासांपेक्षा जास्त डांबून ठेवता येणार नाही, अशी मर्यादा तिथे २०१६ पासून होती. मंत्र्याच्या परवानगीनेही जास्तीत जास्त एक आठवडा. ती मर्यादा ब्रिटनमधल्या निर्वासित बायकांनी आणि त्यांच्या संघटनांनी झगडून मिळवली होती. नव्या विधेयकाने ती काढूनच टाकली. पुढे लॉर्ड्सच्या सभागृहाने अडवून धरल्यावर सरकारला माघार घ्यावी लागली आणि जुलै २०२३ मध्ये कायदा झाला तेव्हा ७२ तासांची मर्यादा परत आली. पोटातल्या बाळासह किती दिवस कोंडायचं, हा प्रश्न संसदेत चार महिने लोंबकळत होता. पण त्या वेळी लोकांच्या तोंडी चर्चा होती ती सूत्रसंचालकाच्या खुर्चीची.

दुसरी गोष्ट गुलामगिरीची. फसवून, विकून, धाक घालून आणलेल्या माणसांना २०१५च्या कायद्याने संरक्षण दिलेलं होतं. घरकामाला जुंपलेल्या आणि देहविक्रयात ढकललेल्या बायकांना त्याचा आधार होता. नव्या कायद्याने बेकायदा मार्गाने आलेल्यांसाठी तो आधार जवळजवळ काढून घेतला. २०१५ चा कायदा ज्यांच्या पुढाकाराने झाला त्या थेरेसा मे यांनी, सत्ताधारी पक्षाच्याच माजी पंतप्रधान असून, याला विरोध केला. बंद दाराआडची ही गुलामी किती मुकी असते, हे आदल्याच वर्षी दिसलं होतं. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता धावपटू मो फराह याने २०२२ मध्ये सांगितलं की लहानपणी त्याला दुसऱ्याच्याच नावाने ब्रिटनमध्ये आणून, एका घरात मुलं सांभाळायला आणि घरकामाला ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या खेळाडूला ते उघड बोलायला जवळजवळ तीन दशकं लागली. मग भाषा येत नसलेली, कागद दुसऱ्याच्या ताब्यात असलेली एखादी बाई विमानतळावर पहिल्या दिवशी आपली कहाणी कशी सांगणार?

तिसरी गोष्ट बोटींतल्या 'तरुण पुरुषां'ची. बोटीतून येणारे बहुतेक पुरुष असतात, हे खरं आहे. 'बायकामुलांना मागे टाकून हे पळून येतात, हे कसले निर्वासित?' असं विचारलं जातं. पण त्या प्रवासात बाईवर काय गुदरतं, दलालाचे पैसे घरात कितीजणांपुरते असतात, पाठीमागे म्हातारी माणसं आणि पोरं कोण सांभाळतं, हे कोण विचारतं? घरातला एक जण पुढे जातो, आश्रय मिळाला की बायकोमुलांना रीतसर परवान्यावर बोलावतो. कुटुंबाच्या एकत्र येण्याची ही वाट मुख्यतः बायकामुलांचीच वाट होती. २०२४ मध्ये सरकार बदललं, रवांडाची योजना गुंडाळली गेली. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या सरकारने या वाटेवरचे नवे अर्ज घेणं थांबवलं. त्यावर कुठल्या खेळाडूची कात्रणं आमच्या फाईलमध्ये नाहीत.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ब्रिटनच्या सीमेवर बाईच्या शरीराची झडती घ्यायची परंपरा जुनी आहे आणि तिची झळ आपल्या बायकांना लागलेली आहे. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी लंडनला गेलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी केली गेली. वाग्दत्त वधूला आगाऊ परवाना लागत नसे, बायकोला लागत असे. ही आधीच लग्न झालेली असावी, असा अधिकाऱ्याला संशय आला. आणि भारतीय मुलगी लग्नाआधी कुमारीच असणार, या समजुतीवर त्याने तिच्या शरीराला साक्षीला उभं केलं. पुढे २०११ मध्ये उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून दिसलं की १९७०च्या दशकाच्या अखेरीस अशा चाचण्या ८० हून अधिक स्त्रियांवर झाल्या होत्या. त्या बातमीवर लंडनमधल्या आशियाई आणि आफ्रिकी स्त्रिया विमानतळावर निदर्शनं करायला गेल्या आणि ही प्रथा बंद पडली. त्याच साली साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना उभी राहिली. नवऱ्याच्या परवान्यावर आलेल्या बाईने ठरावीक काळ संसारात काढलाच पाहिजे, नाहीतर देश सोडायचा, असा तिथला नियम होता. म्हणजे मार खा, नाहीतर परत जा. सरकारी मदतीवर हक्क नाही, म्हणून निवाराघराचं दारही बंद. या बायकांनी वर्षानुवर्षं लढून २००२ मध्ये हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी नियमात वेगळी तरतूद करून घेतली. एवढं काम करणाऱ्या संघटनांकडे लिनेकरच्या आठवड्यात किती माईक वळले, असं आमची मैत्रीण विचारते. तिचा राग समजण्यासारखा आहे.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. ज्या गृहमंत्र्यांनी 'आक्रमण' शब्द वापरला त्या स्वतः बाई आहेत, आणि स्थलांतरितांची लेक आहेत. त्यांचे वडील मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले, केनियातून १९६०च्या दशकात ब्रिटनला आलेले. आई मॉरिशसहून आलेली, परिचारिका. सत्तेत बाई आली की सत्तेचा स्वभाव बदलेल, असं आपण एकेकाळी भाषणांतून सांगायचो. पंचायतीतल्या आरक्षणासाठी आपण लढलो ते बरोबरच होतं आणि पुढेही लढू. पण गाडीत जागा मिळाली की दार आतून लावून घेणारी माणसं बायकांतही असतात, हे मान्य करायला संकोच कशाला? आपण बाईला साथ देतो ती न्यायासाठी, तिच्या प्रत्येक भूमिकेसाठी नाही.

त्याहून घातक गोष्ट पुढे घडली. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्ट गावी नृत्यवर्गात आलेल्या तीन लहान मुलींचा खून झाला. मारेकरी बोटीतून आलेला निर्वासित आहे, अशी अफवा पसरली. तो ब्रिटनमध्येच, कार्डिफला जन्मलेला होता. तरीही ठिकठिकाणी दंगली झाल्या, निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांवर जमाव चालून गेला. 'आमच्या पोरीबाळींचं रक्षण' ही आरोळी होती. २०२५ मध्ये 'गार्डियन'ने पोलिसांकडून माहिती मिळवून छापलं की या दंगलींत पकडलेल्या दर पाच जणांपैकी दोघांविरुद्ध आधीच घरगुती हिंसेच्या तक्रारी होत्या. पोरीबाळींच्या या रक्षकांना त्यांच्या घरातल्या बायका चांगलंच ओळखत होत्या. बलात्काराचा, छळाचा आमचा प्रश्न परक्यांच्या द्वेषासाठी वापरू नका, असं तिथल्या महिला संघटनांनी एकत्र येऊन बजावलं. १९९२-९३च्या मुंबईत आणि २००२च्या गुजरातमध्ये बायकांच्या अब्रूचं नाव घेऊन काय काय झालं, हे जिने पाहिलं आहे तिला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग आपलं काय? इंग्लंडला नावं ठेवणं सोपं आहे. 'परप्रांतीयांचे लोंढे' हा शब्द आपल्याच मराठी वर्तमानपत्रांनी किती वर्षं मथळ्यात छापला! लोंढा पुराच्या पाण्याचा असतो. त्याला बांध घालायचा असतो. त्याला नाव नसतं, तान्हं मूल नसतं. २००८ मध्ये टॅक्सीवाल्यांना आणि परीक्षेला आलेल्या पोरांना महाराष्ट्रात मार बसला, त्याच्या आधी हा शब्द आपल्या जिभेवर रुळलेला होता. आता 'घुसखोर' हा शब्द तसाच रुळतो आहे. जून २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका गरोदर मजूर बाईला दिल्लीतून उचलून सीमेपार बांगलादेशात ढकललं गेलं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर डिसेंबरमध्ये तिला परत आणलं. तिच्यासाठी आपल्यापैकी कितीजणींनी पत्रक काढलं?

आमच्या सल्ला केंद्रातला अनुभवही लपवत नाही. नवऱ्याच्या मारातून पळून आलेली एक हिंदी बोलणारी बाई आमच्याकडे आली. आधी ती एका पोलीस चौकीत गेली होती. तिथे 'तुमच्या गावाला जाऊन तक्रार द्या' म्हणून सांगितलं. आमच्याकडेही पहिला प्रश्न निघाला तो, "इथली आहेस का? कागद आहेत?" हा प्रश्न आमच्यातल्याच एकीने विचारला आणि त्या क्षणी कुणाला तो खटकला नाही. त्या दिवसापासून आम्ही नोंदवहीचा क्रम बदलला. आधी जखम विचारायची, मुलं कुठे आहेत ते विचारायचं. कागदाचं नंतर.

लिनेकर मे २०२५ मध्ये बीबीसीतून गेला. पॅलेस्टाइनविषयीची एक चित्रफीत त्याने पुढे पाठवली होती. त्यातल्या उंदराच्या चित्राला ज्यूद्वेषाचा इतिहास होता. त्याने चूक कबूल करून माफी मागितली. ज्या माणसाने इतरांना भाषेबद्दल जागं केलं तोही भाषेत घसरला. त्यामुळे २०२३ मधलं त्याचं बोलणं खोटं ठरत नाही. पण प्रसिद्ध माणसाच्या खांद्यावर आपला प्रश्न ठेवला की तो अडखळला तर प्रश्नही पडतो, एवढं आपण यातून शिकावं. तो बोलला तर आभार मानू, आणि लगेच त्याने उघडलेल्या दारातून जिचा प्रश्न आहे तिला पुढे करू.

म्हणून या अंकापुरती एक विनंती. आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत आपल्या वस्तीत बाहेरून आलेल्या बायका कोण, कुठून आल्या, का आल्या, हे त्यांनाच विचारा; आणि बैठक त्यांच्या भाषेत, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून घ्या. आपल्या पत्रकांतून 'लोंढे' आणि 'घुसखोर' हे शब्द काढून टाका. त्या बायका काय सांगतात ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकाची पहिली पानं आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.